खैरनार सरांचं थोरलं-धाकटं

कुणाच्या कडेवर तान्हं मूल दिसलं की आमचे खैरनार सर त्याचं नाव विचारत नसत. मुलगा की मुलगी, तेही नाही. चष्मा कपाळावर ढकलून एवढंच म्हणत, "थोरलं की धाकटं?"

आणि आई उत्तर द्यायच्या आत, "थांबा, सांगू नका," म्हणून बाळाच्या कानामागे टाळी वाजवत. बाळाने दचकून भोकाड पसरलं की सर खूश. "थोरलं! संप्रेरक बोलतंय!"

एकदा जळगाव स्टँडवर एका बाईने त्यांना सुनावलं, "भाऊ, हाऊ मना पाचवा शे."

सर जरा विचारात पडले. "मग चौथ्यात आणि याच्यात अंतर फार असेल."

"वरीसभर," ती म्हणाली. "अन् आते त्याले तुम्हीच उगा करा."

मग तिची गाडी लागेपर्यंत सर त्या पाचव्याला गप्प करायला खांद्यावर टाकून फलाटावर येरझाऱ्या घालत होते.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत नुकताच लागलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. धरणगावकडे थोरला भाऊ शेतात राबला, म्हणून मी शिकलो. पहिल्या दिवशी मी प्रमाणपत्रांची पिशवी उघडत होतो, तर सर म्हणाले, "ते राहू द्या. थोरले की धाकटे?" मी धाकटा म्हणालो आणि तेव्हापासून माझं नाव 'धाकटे' पडलं. दिवाळीला गावी निघालो की ते अडवत. "थोरल्याला काय घेतलंत?" काही घेतलं नसेल तर मला बाजारात परत पाठवत.

भ्यायलं किंवा दुखलं की शरीरात एक संप्रेरक उसळतं, एवढं पुस्तकात होतं. पहिल्या बाळात ते जास्त उसळत असेल का, हा सरांचा प्रश्न. पहिल्याची आई नवखी, तिचे हात कापतात, बाप बावरलेला. बाळाला ते कळत असणार, असं त्यांचं म्हणणं. "सिद्ध झालेलं नाही हं, धाकटे," असंही ते प्रामाणिकपणे सांगत. "पण मला दाट शंका आहे."

हे संप्रेरक लाळेत उतरतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि कॉलनीतल्या बाळांवर संक्रांत आली. सर कापसाचे बोळे आणि काचेच्या नळ्या घेऊन दारोदार हिंडू लागले. एका घरातल्या अक्कांनी त्यांना दारातच धरलं.

"बाळाची लाळ काय करणार, मास्तर?"

"तपासणार."

"कशात?"

तसलं यंत्र जळगावात कुठे होतं? अक्कांनी काजळाची डबी आणली, बाळाच्या गालाला तीट लावली, एक सरांच्याही गालाला लावली आणि त्यांना जिना दाखवला. त्याच गालाने सरांनी दुपारचा तास घेतला. नळ्या मात्र प्रयोगशाळेच्या फ्रिजात बेडकांच्या शेजारी पडून राहिल्या.

प्राचार्य बैठकीत टेबलावर हात आपटू लागले, तर सर माझ्या कानाशी येऊन म्हणत, "थोरले आहेत ते. ओसरू द्या."

आम्ही सगळे हसायचो. सरांच्या स्वतःच्या घरी मात्र हा विषय निघत नसे. धाकटी मंजू सासरहून आली की घर दणाणून जाई. बापाच्या ताटात जेवणारी पोर ती. थोरला अविनाश धुळ्याला नोकरीला होता. तो यायचा, आईशी, म्हणजे आमच्या काकूंशी, बोलायचा आणि निघताना उभ्या उभ्या विचारायचा, "नाना, तब्येत बरी ना?" सर म्हणायचे, "बरी." बापलेकांचं बोलणं तेवढंच.

अविनाशला मुलगा झाला. बारशाला सर दाराजवळच्या खुर्चीवर पाहुण्यासारखे बसून होते. पाळण्याजवळ गेले नाहीत, टाळी वाजवली नाही.

नातवाला सोमवारी लस टोचायला नेणार, असं काकूंकडून त्यांना कळलं. "चला, धाकटे," ते मला म्हणाले. "एकट्याला धीर होत नाही."

"जा रे बाबा," काकू म्हणाल्या. "नाहीतर पारोळ्याहूनच परत येतील."

वाटेत पारोळ्याला गाडी चहाला थांबली. सर खाली उतरले नाहीत.

"अविनाश झाला तेव्हा आम्ही गावी होतो," ते म्हणाले. "माझे वडील, आबा, दिवसभर ओसरीवर बसलेले. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं मूल घ्यायचं नाही, अशी रीत. तुमच्याकडेही असेल."

"आहे."

"तो रडायचा. फार रडायचा. मी पुस्तक उघडून बसायचो. मंजूच्या वेळी जळगावात बिऱ्हाड केलं होतं, बघणारं कुणी नव्हतं. तिला मी खाली ठेवलंच नाही. संप्रेरकाचं काय ते मला ठाऊक नाही, धाकटे. तो मला बघून हात पुढे करायचा. मग करेनासा झाला."

धुळ्याच्या दवाखान्यात बायकांची गर्दी होती. अविनाश बाळाला छातीशी धरून रांगेत उभा होता, बायको पिशवी घेऊन मागे. आम्हाला पाहून तो चपापला. "तुम्ही? काही झालं का घरी?"

"नाही, नाही. सहज."

नर्सने सुई टोचली. बाळाने टाहो फोडला. मी सवयीने सरांकडे पाहिलं. आता निदान होणार. पण सर बाळाकडे बघतच नव्हते. अविनाशचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ घट्ट मिटलेले. बाळ आईच्या खांद्यावर गेलं, हुंदके देत निवलं. अविनाश मात्र तसाच उभा.

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूहळू थोपटायला लागले.

"नाना, तो झाला गप्प."

"हो."

हात थांबला नाही. रांगेतल्या बायका माना वळवून पाहू लागल्या. त्या पोक्त, टक्कल पडू लागलेल्या माणसाला त्याचा म्हातारा बाप थोपटत होता.

"नाना, लोक बघताहेत."

"बघू देत," सर म्हणाले.

अविनाशने मान खाली घातली. तो बाजूला सरकेल असं मला वाटत होतं. नर्सने पुढचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, तरी तो तिथेच उभा होता.