दिव्यानीला काय येत नाही

ज्ञान मोजल्याखेरीज ते आहे असं धरता येत नाही, आणि वाढलेलं दिसत नसेल तर मोजून उपयोग नाही. या तत्त्वानुसार पहिलीच्या मुलांची अक्षरओळख वर्षातून दोनदा मोजण्यात येते: जुलैत पायाभूत चाचणी, मार्चमध्ये अंतिम चाचणी. साहित्य म्हणून एक मूल, एक टॅब आणि तीन सेकंद लागतात. टॅबवर अक्षर उमटतं, मुलानं तीन सेकंदांत त्याचा आवाज सांगायचा. चौथ्या सेकंदाला सांगितलेलं अक्षर माहीत नाही असं समजण्यात येतं (मग ते त्याला जन्मभर पाठ का असेना).

पोंभुर्ण्यापलीकडे एका तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, शाळा आहे. तिथल्या गिरजाबाईंच्या हातून गेल्या वर्षी गंभीर चूक घडली. त्यांनी मुलांना जूनमध्येच अक्षरं शिकवून टाकली. जुलैत शाळेला एक्क्याण्णव टक्के मिळाले, मार्चमध्ये चौऱ्याण्णव; म्हणजे वाढ अवघी तीन. शेजारच्या गावच्या गुरुजींनी संयम पाळला होता. ते चारावरून त्रेसष्टवर गेले आणि त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. गिरजाबाईंना नोटीस मिळाली. यंदाही प्रगती दिसली नाही तर शाळा बंद करून मुलांना सहा किलोमीटरवरच्या शाळेत जोडण्यात येईल, असं तिच्यात होतं. वाटेत जंगल आहे आणि जंगलात वाघ आहे, परंतु वाघासाठी प्रपत्रात रकाना नाही.

बाई समजूतदार होत्या. यंदा जूनभर त्यांनी मुलांकडून गाणी म्हणवून घेतली, चिखलाचे बैल करवून घेतले, पण अक्षराच्या जवळपास फिरकू दिलं नाही. अठरा मुलं आज्ञाधारकपणे अडाणी राहिली. एकोणिसावी दिव्यानी. तिचे आजोबा लटारूभाऊ तलावात जाळं टाकायचे. त्यांच्या घराच्या कुडाला वारा अडवायला वडशाच्या झाडीपट्टी नाटकांची पोस्टरं चिकटवलेली होती आणि ही पोरगी येताजाता ती भिंत वाचायची. पहिल्या दिवशीच तिनं वर्गात 'तुफान विनोदी, हृदयद्रावक' एका दमात म्हणून दाखवलं. बाईंना तिचं फार कौतुक वाटलं आणि जुलैच्या टक्क्यांची काळजीही.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला जवळ बसवलं.

"पाळीवर परका माणूस आला, मासे कुठी हायेत म्हणून विचारलं, तर तुझा आजा काय सांगते?"

"नाई माहीत म्हणते," दिव्यानी म्हणाली. हे त्या गावात बोलायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

"उद्या टॅबवाले सर येतीन. तेही परकेच. अक्षरं म्हणजे आपले मासे समज."

दिव्यानीला ते लगेच पटलं. बाईंना स्वतःची लाज वाटली, पण शाळा टिकायला हवी होती.

टॅबवाला नबील हा वडशाच्या भांडेवाल्यांचा मुलगा, स्वभावानं भला. त्यानं बेटा बेटा करत टॅब पुढं धरला. 'क' उमटला. दिव्यानी त्याच्याकडं तीन सेकंद बघत राहिली आणि म्हणाली, "नाई माहीत." चाळीस अक्षरं तिनं अशी एकेक करून राखली. शाळेला दोन टक्के मिळाले. केंद्रप्रमुखांनी फोन करून उत्तम सुरुवातीबद्दल अभिनंदन केलं.

ऑगस्टपासून बाईंनी जीव तोडून शिकवलं आणि मुलं शिकली. मार्चमध्ये त्यांनी दिव्यानीला सांगितलं की आता सगळं सांगायचं. तिनं तलावाकडं पाहिलं. मार्चमध्ये तलावाचं पाणी आटतं, मासे एका कोपऱ्यात गोळा होतात आणि परक्याला न सांगण्याचा नियम अधिक कडक होतो, हे बाईंच्या ध्यानात आलं नाही. पुन्हा नबील आला, पुन्हा 'क' उमटला, पुन्हा तेच उत्तर आलं.

शेवटी बाई स्वतः नबीलशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी विचारतो तुले, दिव्यानी. हे कोणतं अक्षर?"

तिनं टॅबकडं पाहिलं, मग बाईंकडं. "तुमी सरायच्या बाजूनं बसल्या, बाई," ती म्हणाली. "नाई माहीत."

शाळा दोनावरून नव्वदवर गेली. गिरजाबाईंना शाल-श्रीफळ मिळालं आणि शाळा वाचली. दिव्यानीच्या नावापुढं टॅबनं आपणहून 'प्रगती निरंक, मूल मंदगती असण्याची शक्यता, चंद्रपूरला तपासणीस पाठवावे' असा शेरा छापला. तो कागद घरी पोचवायचं काम बाईंकडंच आलं. त्यांनी तो लटारूभाऊंच्या हाती दिला. भाऊंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो नातीकडं दिला. बाई अंगणातून बाहेर पडत होत्या, तेवढ्यात मागून दिव्यानीचा आवाज आला. ती आजोबांना शेरा वाचून दाखवत होती, कुठंही न अडखळता. बाईंना मागं वळवेना.

वाचकहो, तुम्ही इथवर आलात, म्हणजे अक्षरं तुम्हालाही येतात. वरच्यांनी विचारलं की कशाकशाला 'माहीत नाही' म्हणायचं, तेही येतं, आणि त्याला तीन सेकंदसुद्धा लागत नाहीत. तुमची प्रगती समाधानकारक आहे.