निळ्या मारुतीचे पिवळे पट्टे

जुनी गाडी घेताना माणसानं इंजिन बघावं, टायर बघावेत आणि एकदा सासऱ्यांच्या नजरेनंही गाडीकडे बघून घ्यावं. मी फक्त गाडी चालू होते का ते पाहिलं. (झाली. तेवढ्यावर मी विरघळलो.) दोन हजार साली घेतलेल्या त्या निळ्या मारुतीच्या बॉनेटवरून टपावर आणि टपावरून थेट डिकीपर्यंत दोन रुंद पिवळे पट्टे होते. आधीचा मालक कॉलेजात जाणारा, त्याला ते शोभत असतील. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्सचा क्लार्क, वय चाळीस, डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत इतके.

माझे सासरे पुंजामामा मखमलाबादला फुलशेती करतात. त्यांना आणि मामींना चैत्रात वणीच्या गडावर माझ्या गाडीतून न्यायचं मी कबूल केलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ‘जावई कामाचा आहे’ असं मामांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. गाडी पाहून तरी निघेल अशी माझी आशा. मामा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले,

“सर्कशीतली हाय का?”

“नाही मामा, नुसते पट्टे आहेत. स्टिकर.”

“मंग काढा. या सोंगात बसून म्या देवीपुढं नाय जायचा.”

दर्शन रविवारी ठरलं होतं. मी शुक्रवारी आमच्या कारखान्यातल्या पेंट शॉपमधल्या रंगनाथचा सल्ला घेतला. तो म्हणाला, “ब्लेड लावायचं, वर थिनर मारायचं. मशीनवरचे स्टिकर आम्ही असेच काढतो.” (स्टिकर काढल्यावर ते मशीन पुन्हा रंगवतात, हे तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.) वर त्यानं बाटलीभर थिनरही दिलं.

शनिवारी सकाळी मी दाढीचं ब्लेड घेऊन निघालो, तर उज्वलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दारातच हटकलं.

“अहो, ब्लेड नका लावू. मी भाजी घेऊन येते, मग दोघं मिळून बघू.”

“हे टेक्निकल काम आहे,” मी म्हणालो.

ती पिशवी घेऊन गेली. मी बॉनेटपासून सुरुवात केली. ब्लेडनं पट्ट्याचे नखाएवढे तुकडे निघत होते आणि प्रत्येक तुकड्यामागे एक ओरखडा राहत होता. मग मी थिनर ओतून फडक्यानं खसाखसा घासलं. फडकं निळं झालं. मला वाटलं, मळ निघतोय. गाडी फारच मळली होती असं म्हणत मी आणखी जोर लावला, तेव्हा खालून पांढुरका पत्रा दिसायला लागला. पंजाएवढी जागा साफ उघडी पडली होती.

उज्वला आली. तिनं बॉनेट पाहिलं, मला पाहिलं, आणि भाजीची पिशवी खाली ठेवली. ओरडली नाही. (ओरडली असती तर बरं वाटलं असतं.)

“नव्या स्टीलच्या भांड्यावरचं लेबल कसं काढतात, माहीत आहे?”

“नाही.”

“गॅसवर धरतात. गोंद मऊ झाला की लेबल आपण होऊन सुटतं. माझ्या रुखवताची सगळी भांडी मी अशीच सोडवलीत.”

“पण गाडी गॅसवर कशी धरणार?”

तिनं गॅस पेटवला. पातेलंभर पाणी तापायला ठेवलं, जुना टॉवेल त्यात बुडवून पिळला आणि टपावरच्या पट्ट्यावर पसरला. जरा वेळानं टॉवेल उचलून नखानं कोपरा सोडवला, आणि वर न ओढता पट्टा मागे दुमडून अगदी सावकाश ओढत गेली. साईवरून बोट फिरवावं तसा तो निघत होता. कुठं अडला की पुन्हा गरम टॉवेल. दुपारपर्यंत टपापासून डिकीपर्यंतचे आणि बॉनेटवर उरलेले पट्टे निघाले, तिच्या हातून एकसुद्धा ओरखडा नाही. राहिलेल्या चिकट गोंदाला तिनं गोडेतेल चोळलं, मग शाम्पूच्या पाण्यानं गाडी धुतली. पट्ट्याखालचा रंग जरा गडद राहिला होता, तोही तिनं पॉलिश मारून पुष्कळसा मिळवून घेतला. मी टॉवेल पिळायचं काम केलं. खरं सांगतो, अकरा वर्षांत ही बाई मला इतकी कधीच आवडली नव्हती. कारखान्यातला पेंट शॉप हिच्या ताब्यात द्यायला हवा, असं मी तिला म्हणालोही.

“आधी बॉनेटचं बघा,” ती म्हणाली.

“उद्या मामा विचारतील. काय सांगायचं?”

“आधी झाकू तरी.” ती सोमवारपासून मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला जाणार होती. तिथून मिळालेलं लाल ‘एल’चं मोठं स्टिकर तिनं बरोबर त्या उघड्या, ओरखडलेल्या जागेवर चिकटवलं.

रविवारी मामांनी गाडीभोवती फेरी मारली. चेहरा खुलला. “आता कशी गरतीवानी दिसती,” म्हणाले. मी छाती फुगवली. तेवढ्यात ते बॉनेटपाशी थांबले.

“जावईबापू, हे एल तर शिकणाऱ्याचं आसतं. आजून शिकताय व्हय?”

उज्वला बोलायला तोंड उघडत होती. पण एल तिचं आहे हे तिनं सांगितलं असतं, तर ‘मंग आज कशाला?’ म्हणत मामा ते स्टिकर उचलून खाली बघायला कमी करणारे नव्हते.

“हो मामा,” मी म्हणालो. “शिकतोय.”

मामा माझ्या शेजारी बसले आणि दिंडोरी, वणी, नांदुरी, पुढचा सगळा घाट, हँडब्रेकवर हात ठेवूनच बसले. मागे मामी प्रत्येक वळणाला देवीचं नाव घेत होत्या. गडावर दर्शन झालं. मामा बराच वेळ डोळे मिटून पुटपुटत होते, मग त्यांनी नारळ वाहिला.

“काय मागितलं, दादा?” उज्वलानं वडिलांना विचारलं.

“नवस बोललो,” मामा माझ्या पाठीवर मायेनं हात ठेवून म्हणाले. “मानूस गुणाचा हाय. एकदाचं लायसन भेटू दे म्हनलं याला, साडीचोळी करीन.”

एक्क्याण्णव सालचं लायसन शर्टाच्या खिशात ठेवून मी देवीपुढं हात जोडले.