महारुद्रच्या बोटीतली भजी

बोट धरणाच्या ऐन मध्यावर आली आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. महारुद्रच्या तोंडचं पाणी पळालं. बोटीत तुळजापुराहून अनवाणी पळत आणलेली ज्योत होती. ती सांभाळत कुमार आणि त्याचे चार जोडीदार बसले होते. पल्याडच्या वाडीत घट बसवायला अख्खं गाव खोळंबलं होतं. ज्योत वाटेत विझली तर घट बसणार नव्हता आणि महारुद्रला वाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

दरवर्षी ज्योत धरणाला वळसा घालून सडकेनं यायची. या पाण्यावरच्या पुलाचं भूमिपूजन तीन पुढाऱ्यांनी तीनदा उरकलं होतं. नारळ फुटले, फोटो निघाले, पूल मात्र अजून पुढाऱ्यांच्या भाषणातच उभा होता. म्हणून यंदा महारुद्रनंच देवळात मांडीवर थाप मारली होती, "ज्योत माझ्या बोटीतून येणार. न्हाय आली तर नाव बदला."

आता बारशाची वेळ आली होती.

"अण्णा, काय झालं?" कुमारनं विचारलं.

"काय न्हाय. इंजिन जरा दम घेतंय."

"पळून आलो आमी, आन दम ह्यो घेतोय व्हय?"

महारुद्रनं कलीम मेकॅनिकला फोन लावला. कलीमनं पहिलाच प्रश्न विचारला, "डिझेलचा फिल्टर कधी बदललाव?"

"कुठला फिल्टर?"

पलीकडं स्फोट झाला. "या अल्ला! पावसाळ्याच्या आधी नवा फिल्टर हातात दिलता की तुमच्या!"

"हाय की. सीटखाली हाय. जसाच्या तसा, नवा कोरा."

"नवा कोरा ठिवायला दिलता का? आता ऐका. टाकीतलं पाणी खालच्या बुचातून काढा. जुना फिल्टर खोला. नवा डिझेलनं भरून बसवा. मग वरचा नट ढिला करा आन हातपंप मारा. बुडबुडे संपून सरळ धार लागली की नट आवळा. लाईनीत हवा राहिली तर इंजिन तुमच्या बापाचं बी ऐकणार न्हाय."

महारुद्रनं बूच काढलं आणि त्याचे डोळे पांढरे झाले. बादलीत डिझेल पडायच्या आधी नुसतं पाणीच पडलं. वर्षभर टाकीचं तोंड नुसत्या फडक्यानं झाकून बोट उन्हापावसात ठेवल्याचं हे फळ. जुना फिल्टर खोलला तर आतून काळा, बुळबुळीत लगदा निघाला.

"हे डिझेल हाय का गटार?" कुमार ओरडला. "आन ह्याच्या जिवावर तुमी आईची ज्योत आणायला निघालाव?"

"बडबड नगं. ज्योत बघ, बारीक व्हायलीय."

आपल्याकडं गोडेतेलाच्या पाच लिटरच्या कॅनला मरण नसतं. तेल संपलं की त्यात डिझेल येतं, डिझेल संपलं की फिनेल. बोटीतही असे दोन कॅन होते. दोन्हींवर शेंगांचं तेच चित्र, दोन्हींत पिवळंजर्द काहीतरी. एकात इंजिनाचं डिझेल, दुसऱ्यात ज्योतीचं तेल. वास घेऊन ओळखावं तर महारुद्रचे हात कोपरापर्यंत डिझेलनं माखलेले. त्याला सारं जगच डिझेल वाटत होतं.

त्यानं हाताला लागला तो कॅन उचलला, फिल्टर भरला, उरलेल्यातलं निम्मं टाकीत ओतलं. त्याच घाईत कुमारनं उरलेला कॅन उचलून ज्योतीवर धार धरली.

भप्प! ज्योत हातभर उंच उसळली. काळ्या धुराचा लोट उठला आणि पाचही जणांची तोंडं तव्याच्या बुडासारखी झाली.

"आई राजा उदो उदो!" पोरं ओरडली. देवी जागी झाली म्हणून त्यांनी हात जोडले.

महारुद्र पंप मारत राहिला. बुडबुडे गेले, धार लागली, नट आवळला. इंजिन खोकलं, शिंकलं, पांढरा धूर ओकलं आणि चालू झालं.

"अण्णा," कुमार नाक वर करून म्हणाला, "कुणीतरी भजी तळतंय."

"धरणाच्या मधी कोण तुझा मामा तळतोय?"

पण वास खरा होता. महारुद्रनं इंजिनाच्या धुराकडं पाहिलं, कॅनकडं पाहिलं, मग ज्योतीच्या काळ्या लोटाकडं पाहिलं. "कुमार, तू ज्योतीला काय घातलंस?"

कुमारनं कॅन हुंगला. "अण्णा, डिझेल!"

"गप! तोंड उघडलंस तर गाव दोघांना बी बुडवंल."

काठावर सत्यभामाकाकू उभ्या होत्या. वाडीचा घट त्यांच्या हातानं बसे आणि त्यांचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर जात. बोट टेकली तसा भज्यांचा घमघमाट काठावर चढला. उपाशी गावाची नाकं एकदम वर झाली.

"महारुद्रा! घटाच्या दिशी बोटीत भजी तळलीस?"

खरं सांगावं तर ज्योत बाटली, खोटं सांगावं तर आपण बाटलो. महारुद्रनं मान खाली घातली.

"तळली, काकू."

बायकांनी तोंडाला पदर लावले. "आरं थू तुझ्या जिंदगानीवर!" मागून कुणीतरी म्हणालं.

काकूंनी ज्योत हातात घेतली. एकदा हुंगली. महारुद्रकडं टक लावून पाहिलं आणि खणखणीत आवाजात निकाल दिला, "नऊ दिवस ह्यो ज्योतीपुढं बसंल. उपाशी!"

मग वाकून त्याच्या कानाशी पुटपुटल्या, "चांगलं तेल घाल हिला गुमान. माझा जलम रॉकेलच्या चिमणीपाशी गेलाय. मला फसवतो व्हय?"

महारुद्रनं मान हलवली.

"आन इंजिनात कंचं वतलंस? करडईचं का शेंगदाण्याचं?"

"शेंगदाण्याचं, काकू."

काकूंनी एक लांब श्वास आत ओढला. "वाटलंच. दसऱ्यापतूर थोडं शिल्लक ठिव. उपास सुटला की खरीच तळू."