मनीप्लांटला माशी

किडीने माझ्या नादी लागू नये! उगाच बढाई मारत नाही. कृषी सहायक म्हणून अख्खी नोकरी मी केज तालुक्यात काढली. युसूफ वडगावच्या पारावर मी बोंडअळीवर बोलायला लागलो की माणसं घरी जायची विसरायची. (वनमाला म्हणते, झोप लागल्यावर उठून कोण जाणार?)

वनमाला म्हणजे आमची मंडळी. लेकीचं, प्रियदर्शनीचं, पहिलं बाळंतपण आमच्याकडे अंबाजोगाईला झालं. दुसऱ्याला ती म्हणाली, "आई, आता तूच पुण्याला ये." आई गेली! जाताना हॉलमधल्या मनीप्लांटवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "बारसं झालं की येते. तवर जपा याला." मला वाटलं, झाडालाही सांगेल, यांना जप म्हणून. नाही सांगितलं.

ती गेली आणि घर खायला उठलं. सकाळचा चहा ती या झाडाशेजारी बसून प्यायची, त्याच्याशी गप्पा मारायची. मीही तिथंच बसू लागलो. पण झाडाशी बोलायचं काय? मग आपलं पाणी घालायचं. आणि एके सकाळी चहाच्या कपात माशी! बारीक, काळी, चिलटासारखी. कुंडीतली माती उकरून बघतो, तर आत पांढऱ्या अळ्यांची जत्रा! पानंही पिवळी पडायला लागलेली. ती परत आल्यावर आधी झाड बघणार, मग मला. झाडच मेलं, तर मला बघणारच नाही!

फोनवर मात्र, "झाड कसं हाय?"

"एकदम झकास!"

कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. माशा स्वयंपाकघरात गेल्या, मी गॅलरीत खोकत बसलो. मग ठेवणीतलं अस्त्र काढलं. पिवळे चिकट सापळे! कपाशीत काठीला बांधतो, ते. पिवळ्या रंगावर माशी येते आणि आली की चिकटलीच. पण हॉलमध्ये काठी कुठं रोवणार? कुंडी ओढत मधोमध आणली आणि सापळे दोऱ्यांनी टांगले पंख्याच्या पात्यांना. आहे की नाही डोकं?

तेवढ्यात शेजारचा वाहेद, गॅरेजवाला, डबा घेऊन आला. वनमाला जाताना त्याच्या बायकोला, हमीदाला, माझ्या जेवणाचं सांगून गेली होती.

"काका, एवढ्या गरमीत पंखा कावून बंद ठेवला?" म्हणत त्यानं बटण दाबलं.

"नको बे!" मी ओरडलो.

कशाचं काय! गरगर पंखा, तटातट दोऱ्या! पहिला सापळा वाहेदच्या दाढीवर, दुसरा माझ्या टकलावर आणि तिसरा भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोवर, नेमका नवरदेवाच्या तोंडावर! त्याच वेळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल! गडबडीत वाहेदनं तो उचलला.

"अगं बाई! डोक्याला पिवळं बँडेज कसलं? वाहेदभाऊ, तुमाला बी लागलं? गाडीवरून पडला का दोघं?"

"न्हाई काकू, आमी माशी धरायलो."

"कसली माशी?"

झालं! कुंडी दाखवावी लागली. वनमालानं चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली.

"पाणी किती घालता?"

"तुझी आठवण आली की एक तांब्या."

"अन् आठवण किती येळा येती?"

वाहेदनं मातीत बोट घातलं. बोट पार आत गेलं. "काकू," तो म्हणाला, "निस्ता चिखल हाय."

ओल राहिली की कीड होते, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो! आता ही हसणार, असं वाटलं. पण तिनं पदर डोळ्यांना लावला.

"मला बी येती आठवण," हळूच म्हणाली. मग लगेच आवाज चढवून, "पण पाणी बंद! वरची माती ठणठणीत वाळल्याबिगर थेंब घालायचा न्हाई!"

माती वाळली. अळ्या संपल्या, माशा गेल्या, नवं पानसुद्धा फुटलं. मी कौतुकानं फोनवर दाखवलं, तर म्हणते, "म्हंजे आता आठवण येत न्हाई वाटतं!"

येते हो! पण आता तो तांब्या मीच पितो. वाहेद बिचारा काळजीत पडला. म्हणाला, "काका, सारखं पाणी पिता, सारखं आत पळता. शुगर तपासून घ्या."

तपासली. नॉर्मल! आता त्याला काय सांगू? बारशाला अजून लई अवकाश आहे. बाळच अजून झालेलं नाही!