थोपटून पाठ केलेलं क्रियापद

पींऽऽक्!

घर इतकं शांत होतं की नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंबसुद्धा पडू की नको असा विचार करत असावा. आणि नेमकं तेव्हाच माझ्या टाचेखाली रबरी बदक आलं! पलंगावर नुकती निजलेली माझी साडेतीन वर्षांची लेक ताडकन उठून बसली. घरात सगळे तिला ठिणगी म्हणतात. का म्हणतात ते आता कळलंच असेल.

"आई, कुठे चाललीस?"

चालले होते पुढच्या खोलीत, स्पॅनिश शिकायला! पण दुपारी अडीच वाजता, पाऊण तास थोपटून मनगटाचं लाकूड झालेल्या बाईने हे कुणाला आणि कसं सांगावं?

तर झालं होतं असं की मी साहेबांशी पैज लावून बसले होते. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते आणि ते देशोदेशी धाडते. ठिणगीच्या आधी मी तिथे ग्राहकांचे फोन घ्यायची. पंप बिघडला म्हणून खवळलेला माणूस माझ्याशी बोलून दहा मिनिटांत आपल्या सुनेची तक्रार सांगू लागायचा, असा माझा लौकिक! आता तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांसाठी नवीन टेबल निघणार होतं. ते मला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, साडेतीन वर्षं घरात 'हळू बोला, बाळ झोपलंय' एवढं एकच वाक्य बोलून माझी जीभ गंजली होती!

"हे बघा मॅडम," साहेब म्हणाले, "परकी भाषा म्हणजे काही खायचं काम नाही. घरी लहान मूल. तुम्हाला वेळ कुठून मिळणार? माझा भाचा आहे. अजून लग्न नाही, संध्याकाळी मोकळाच असतो."

'तो सकाळीही मोकळाच असतो, म्हणूनच तुम्ही त्याला इथे चिकटवताय!' हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं ते याहून वाईट होतं.

"तीन महिने द्या! त्या भाषेतलं सगळ्यात वाकडं क्रियापद काढा. सगळ्या काळांत, सगळ्या अर्थांत, घडाघडा म्हणून दाखवते. एक रूप जरी चुकलं ना, तर टेबल भाच्याला!"

साहेबांनी लगेच हे वहीत लिहून घेतलं. माणूस उगाच साहेब होत नाही.

आठवड्याभरात साहेबांनी नेमलेल्या, स्पॅनिश शिकवणाऱ्या परीक्षक बाईंचा निरोप आला. क्रियापद ठरलं: इर. म्हणजे जाणे.

दोन अक्षरं! मी मनात हसले. मग पुस्तक उघडलं आणि हसू तिथेच वाळलं. वर्तमानात बोय, बास, बा. भूतकाळात फुइ, फुइस्ते, फुए. पूर्वी जाण्याची सवय असेल तर इबा, इबास, इबा. जायचं असेल तर इरे. जावंसं वाटत असेल, जाऊ नये असं वाटत असेल, कुणी जावं म्हणून तुम्ही हात जोडत असाल, तर त्या सगळ्या तळमळीचं वेगळं बाया, बायास, बाया! एकाच घरातली भावंडं, पण एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळेल तर शपथ.

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून तक्ता पाहिला. "यात तुझं ते 'इर' कुठाय?"

"गेलं!"

"हे काय क्रियापद आहे? नियम नाही, धरबंध नाही…"

"का? आपलं 'जा' सरळ आहे? जातो म्हणता म्हणता 'गेला' होतो, तेव्हा हरकत घेतलीस कधी? आपल्या घरचं वाकडं ते वळणदार, आणि लोकांचं ते वाकडं!"

तो बिचारा पाणी प्यायला निघून गेला.

पण पाठ करायला वेळ कुठला? सकाळ डब्यांत जायची, संध्याकाळ आंघोळी-जेवणात. उरली दुपारची झोप. ती ठिणगीची. मी उठून दाराशी पोचले की तिचा एक डोळा उघडायचा आणि मग बदकासारखं कुणीतरी फितुरी करायचं. त्या दिवशी बदक उचलून मी कपाटावर फेकलं आणि दातओठ खाऊन परत पलंगावर बसले. म्हटलं, नाही ना सोडत मला? ठीक आहे. मग अंगाईही आजपासून हीच!

"बोय, बास, बा…" थोपट, थोपट, थोपट. "बामोस, बाइस, बान…" थोपट, थोपट, थोपट.

ठिणगीने जांभई दिली. 'इबा' येईपर्यंत पापण्या जड. 'इरे'वर मूठ सैल. 'बाया, बायास'वर पार गाढ! आमच्या साध्या अंगाईला हे कधी जमलं नव्हतं.

फक्त एक गोम होती. मी थांबले की ती जागी व्हायची. अडखळले तरी जागी व्हायची. एक रूप चुकलं की झोपेतच कपाळाला आठी! इतकी कडक मास्तरीण जगात कुठल्या शाळेला मिळाली नसेल. पुस्तक उशीवर, एक हात तिच्या पाठीवर, आवाज खाली, आणखी खाली, आणि अख्खं क्रियापद एका दमात. महिन्याभरात मला पुस्तक लागेनासं झालं. दोन महिन्यांत सासूबाई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना 'बोय, बास, बा' पुटपुटू लागल्या.

एका रविवारी नवरा म्हणाला, "आज मी झोपवतो." त्याला रूपं येत नव्हती, म्हणून त्याने पाढे लावले. सतराच्या पाढ्यात ठिणगी उठून बसली. म्हणाली, "बाबा, हे रडायचं आहे. झोपायचं म्हण."

माझी छाती अशी फुगली! आता परीक्षा म्हणजे औपचारिकता.

परीक्षा ठेवली होती बुधवारी, दुपारी अडीच वाजता. आमचं ऑफिस घरापासून दोन गल्ल्यांवर. ठिणगीला सासूबाईंच्या स्वाधीन करून मी इस्त्रीचा कुडता घालून, मान ताठ करून निघाले.

मीटिंगच्या खोलीत लांबट टेबल, गुबगुबीत खुर्च्या. समोर साहेब, नुकतेच पोटभर जेवलेले. शेजारी परीक्षक बाई, सकाळपासून तीन वर्ग घेऊन आलेल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. खोलीला एका बाजूने काच. बाहेर स्वागताच्या टेबलावरची मुलगी नखं बघत होती.

"करा सुरुवात," बाई म्हणाल्या. "इर. वर्तमानकाळ."

मी तोंड उघडलं.

आणि काहीच नाही! एक अक्षर नाही! डोकं म्हणजे सामान हलवल्यावरची रिकामी खोली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या मिशीखाली भाचा हसताना मला स्पष्ट दिसला!

 मी घाबरून टेबलावर हात आपटला. पहिलं रूप जिभेच्या टोकाशी आलं आणि मागे फिरलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! तीन महिने मी हे क्रियापद तोंडाने पाठच केलं नव्हतं. हाताने केलं होतं! थोपटल्याशिवाय ते यायचंच नाही!

टेबल कडक, उपयोगाचं नाही. मी शेजारच्या खुर्चीवरची उशी उचलली, खांद्यावर घेतली आणि थोपटली.

"बोय, बास, बा…"

आलं! धो धो आलं!

"मॅडम, ती उशी…" साहेबांनी सुरुवात केली.

"उशीबद्दल आपलं काही ठरलं नव्हतं साहेब! बामोस, बाइस, बान!"

मग मी कुणाची ऐकते? डोळे अर्धे मिटले, अंग डुलायला लागलं, आवाज सवयीने खाली उतरला. फुइ, फुइस्ते, फुए. इबा, इबास, इबा. एक रूप इकडचं तिकडे नाही. लोण्यावरून सुरी फिरावी तशी मी काळ ओलांडत गेले. 'इरे'वर बाईंनी मान डोलावली. वाटलं, दाद देताहेत. 'बाया'वर ती मान खाली आली, ती वर गेलीच नाही.

साहेब तर 'इबा'लाच गेले होते. हात पोटावर, ओठ किंचित उघडे.

आणि मी काय करावं? शहाण्या बाईने खाकरावं, टेबल वाजवावं, 'अहो, ऐका' म्हणावं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर क्रियापद चाललं होतं आणि साक्षीला एक माणूस जागा नव्हता! पण तीन महिन्यांची सवय. मी आवाज आणखी खाली नेला. शेवटचं रूप फुंकरीएवढं सोडलं. उशी हलकेच खाली ठेवली. साहेबांचा चष्मा नाकावरून काढून त्यांच्या हातापासून लांब ठेवला. बाईंची ओढणी त्यांच्या खांद्यांवर नीट पसरली. पडदा ओढला. दिवा मालवला. आणि चपला हातात घेऊन, श्वास रोखून, दार अलगद लोटून चवड्यांवर बाहेर आले!

"झाली परीक्षा?" स्वागतावरच्या मुलीने विचारलं.

"शूऽऽ! आत्ताच डोळा लागलाय!"

"कुणाचा?"

तिच्या 'कुणाचा'नंतर मी भानावर आले. हातात चपला. डोक्यावर आकाश कोसळलेलं. मी परीक्षकांना निजवून परीक्षेतून पळून आले होते!

"मॅडम, साहेबांना उठवू?"

"थांब! उठले तर विचारतील, म्हटलंत का? आणि मी सांगायचं काय, सगळं म्हणून झालं, तुम्ही झोपला होतात?"

"खरंच झोपलेत?" तिने काचेला नाक लावून पडद्याच्या फटीतून पाहिलं. "अगं बाई! घोरताहेत!"

एवढ्यात मुख्य दारातून सासूबाई आल्या. केस विस्कटलेले, कडेवर लालबुंद, गळा काढून रडणारी ठिणगी.

"घे बाई तुझी लेक! अर्धा तास थोपटतेय. मी म्हटलं गं तुझं ते सगळं, पण इबाच्या पुढे मला येत नाही ना!"

"आई, इथे कशाला आणलंत? माझी परीक्षा…"

"परीक्षा माझी चाललीय! तुझी कुठे दिसत नाहीये!"

ठिणगी कडेवरून सुळकन उतरली, काचेशी गेली, फटीतून आत बघितलं. तिने साहेबांना पाहिलं, बाईंना पाहिलं, खुर्चीवरची उशी पाहिली. आणि तिला सगळं समजलं.

"ती माझी झोप आहे!" ती अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. "त्यांना का दिलीस? माझी झोप आहे!"

आत धडपड झाली. एक खुर्ची पडली. साहेब बाहेर आले ते बिनचष्म्याचे, भिंतीला चाचपत. मागून बाई.

"मी डोळे मिटून ऐकत होतो," साहेब म्हणाले.

"मीसुद्धा," बाई म्हणाल्या. त्यांच्या गालावर टेबलाच्या कडेची लांब खूण उमटली होती.

"मग कितवं रूप चुकलं, साहेब?"

 स्वागतावरची मुलगी खोकली.

"अं… हे रीतसर झालं नाही," साहेब सावरत म्हणाले. "आता परत तारीख बघावी लागेल. तोवर भाचा…"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! हातातल्या चपला मी खाली टाकल्या आणि पायात घातल्या.

"तारीख-बिरीख काही नाही! आत्ता म्हणते. इथेच, उजेडात! आणि ऐकणाऱ्यांनी उभं राहायचं. कुणी भिंतीला टेकायचं नाही!"

साहेब उभे राहिले. बाई उभ्या राहिल्या. सासूबाई तर कंबरेवर हात ठेवून अशा उभ्या राहिल्या की परीक्षक त्याच! मी ठिणगीला खांद्यावर घेतलं, हात पाठीवर टाकला आणि सुरू केलं. या वेळी आवाज खणखणीत! बोय ते बान, फुइ ते फुएरोन, साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून. जो पापणी मिटेल त्याच्याकडे सासूबाई बघायच्या. बाई बोटांवर मोजत होत्या. सवयीचं जाणं झालं, पुढचं जाणं झालं, गेलो असतो तर झालं, तळमळीचं जाणं झालं. तोवर खांद्यावरची मान जड झाली आणि माझ्या कानाशी गरम, संथ श्वास लागला. ठिणगी झोपली! राहिला फक्त आज्ञार्थ. आणि माझा आवाज आपोआप कुजबुजीवर आला.

"ऐकू येत नाही," साहेब म्हणाले.

"जवळ या."

ते वाकले, बाईंनीही कान पुढे केला. मी त्यांच्या कानात नेमकं, स्वच्छ उच्चारलं, "बे!"

"म्हणजे?"

"म्हणजे 'जा!'" बाईंनी वहीत खूण केली. "बरोबर आहे. पुढे."

पुढची चार रूपंही मी त्यांच्याच कानात घातली. इतक्या सभ्यपणे इतक्या वेळा साहेबांना जा म्हणायची सोय दुसऱ्या कुठल्या परीक्षेत आहे?

एक रूप चुकलं नाही. बाईंनी सही केली. साहेबांनी आत जाऊन चष्मा शोधला, वही उघडून आमची पैज वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. शब्द तेच होते. सोमवारपासून टेबल माझं!

घरी येताना सासूबाई माझी पिशवी घेऊन पुढे चालत होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे आपणच पास झाल्यासारख्या बघत. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ठिणगीला जाग आली. तिने माझा कुडता मुठीत धरला.

"आई, तू सोमवारी परत तिथे जाणार?"

"हो. सोमवारी, मंगळवारी, रोज! तुझ्या आईने जिंकलं, ठिणगे!"

 तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवला.

"मग ते सगळे झोपले की तू घरी येणार ना? ते रोज आजच्यासारखे लवकर झोपतील?"