मसुराएवढा निळा

डार्करूममधला लाल बल्ब उडाला तेव्हा फोटोवाल्याच्या हाताशी फोटो छापायचे शेवटचे दोन कागद होते आणि मानेवर बायकोची अट.

सासरे कायमचे राहायला आल्यापासून घरातल्या एकुलत्या चालू न्हाणीसमोर सकाळी रांग लागायची. मागची लांबट न्हाणी फोटोवाल्याने डार्करूम करून अडवली होती. बायको शाळेत क्लार्क. तिच्या मुख्याध्यापिका आज निवृत्त होणार होत्या आणि नवऱ्याने फिल्मवर काढलेला, घरी धुतलेला त्यांचाच फोटो त्यांना भेट द्यायचं तिने सगळ्यांसमोर कबूल करून टाकलं होतं.

"फोटो पसंत पडला तर न्हाणी तुझी," चप्पल घालता घालता ती म्हणाली होती, "नाहीतर सोमवारी प्लंबर."

फोटोवाला धावत जाऊन नवा लाल बल्ब घेऊन आला. सासऱ्यांनी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं. ते दारातच आडवे आले. बल्ब लावायला लावून त्यांनी एक जुनी सीडी त्याखाली तिरकी धरली. तिच्यावर लाल पट्टा उमटला आणि त्याच्या शेजारी हिरवा आणि निळाही.

"हा लाल नाही, जावईबापू. लाल सदरा घातलेला पांढरा आहे. पोटात निळं शिल्लक आहे."

"थोडंसंच आहे हो."

"थोडंसं विष म्हणून पिता का?"

आणि फोटोवाल्याने विचारलं नसतानाही त्यांनी कपड्यांची दोरी नळाला बांधली. सावकाश हलवली, दोरीत लांबलचक लाट आली. "हा लाल. लाट लांब, सेकंदाला हेलकावे कमी. जोर बेताचा, तुमचा कागद ढिम्म हलत नाही." मग दात-ओठ खाऊन भराभरा हलवली, तशा दोरीभर बारक्या लाटा धावल्या. "हा निळा. लाट आखूड, हेलकावे जास्त. वेग दोघांचा एकच, म्हणून लांबी घटली की हेलकावे वाढणारच. कागद खातो तो हा. नारिंगी, पिवळा, हिरवा मधल्या बाकांवर." साबणदाणी खाली पडली. त्यांचं लक्षही गेलं नाही.

"पण निव्वळ लाल आणू कुठून?"

दोघांची नजर एकाच वेळी दाराबाहेरच्या स्कूटरकडे गेली. मागच्या एलईडी दिव्याखाली सीडी धरली. नुसता लाल. दुसऱ्या रंगाचा मागमूसही नाही. सासरे चक्क नाचले.

चावी फिरवली की पुढचा दिवा आपोआप लागायचा, म्हणून त्याला गोधडी गुंडाळून दोरीने आवळली. मग उंबरठ्यावरून ढकलत, आरसे दुमडत स्कूटर न्हाणीत घातली. मागचा दिवा जोरात लागावा म्हणून सासरे सीटवर बसले, ब्रेक दाबून. फोटोवाला मागे, औषधांच्या ट्रेपाशी. दार लागलं.

लाल उजेडात माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, तेव्हा पुढचं नुसतं ऐकायचं.

"ब्रेक सोडू नका, बाबा. कागद बाहेर काढलाय."

"माझा हात भरून आला."

"चष्मा उमटला. डोळे आले बघा."

"बघू? मला पाठमोरं काही दिसत नाही."

"वळू नका."

टक्.

"बाबा, पुढे निळं काय चमकतंय?"

"कोपर लागलं वाटतं. हेडलाइटचा हाय बीम लागला की स्पीडच्या काट्याशेजारी पेटतो तो दिवा. मसुराएवढा तर आहे."

"बंद करा."

"करतो. पण जरा बघा ना, कागदाला काही होतंय का? आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलं, प्रत्यक्ष कधी..."

"बाबा."

"काळवंडला?"

"काळवंडला."

"सिद्ध झालं."

तळहाताएवढा लाल दिवा इतका वेळ जळत होता, त्याने कागदाला धक्काही लावला नाही आणि मसुराएवढ्या निळ्याने काही क्षणांत घास घेतला, हे सासऱ्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की फोटोवाल्याला धड रडताही येईना. हाताच्या सवयीने त्याने तो कागद पुढच्या ट्रेंमधून काढून दोरीवर लटकवला.

दुसऱ्या कागदाच्या वेळी हाय बीमचं बटण बंद होतं, तरी सासरे त्या निळ्या दिव्यावर अंगठा दाबून बसले. श्वाससुद्धा जपून घेत होते. फोटो उमटला. सुरकुती न् सुरकुती, पांढरा केस न् केस.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"उघड. मला फोटो घेऊन परत जायचंय. बाबा कुठे आहेत?"

"आत."

"आणि तू?"

"मीही आत."

"दोघं काय करताय?"

"बाबा स्कूटरवर बसलेत."

"कुठे जायला?"

फोटो पक्का झाल्यावर दार उघडलं. तिने गोधडी पाहिली, स्कूटर पाहिली, वडील पाहिले आणि ओला फोटो हातात घेतला. बघितला. ठेवला. मग दोरीकडे बोट केलं.

"तो कुठला?"

"बिघडलेला. पांढरं होतं ते सगळं काळवंडलं."

"केससुद्धा?"

"केससुद्धा. सुरकुत्याही पुसल्या गेल्या."

तिने तोच फोटो दोरीवरून काढला, टॉवेलात हलकेच दाबला आणि उजेडात धरला. "बाई दहा वर्षांनी लहान दिसतायत. हाच देते."

"अगं, पण तो चुकलेला..." फोटोवाल्याने स्वतःच्या आयुष्यातला सर्वात चांगला फोटो पुढे केला. तिने पुन्हा बघितलाही नाही. "मग न्हाणी?"

"तुझी." दारापर्यंत जाऊन ती वळली. "तो निळा दिवा कोणी लावला होता?"

सासऱ्यांनी स्कूटरवरूनच, वर्गातल्या मुलासारखं बोट वर केलं.

"मग बाबांना खाली उतरू देऊ नकोस. पुढच्या महिन्यात आमच्या उपमुख्याध्यापिकाही निवृत्त होतायत."