फरशी म्हणते, घरात कुणीतरी आहे

कुठलंही संशोधन माझ्या हातात द्या, बघता बघता त्याची कंपनी काढून दाखवतो! हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या वस्तू बाजारात नेणारा एक कक्ष आहे, आणि त्या कक्षाचा मी प्रमुख आहे. प्राध्यापक मंडळी शोध लावतात आणि मग तो कपाटात ठेवून त्याच्याकडे कौतुकानं बघत बसतात. तो कपाटातून काढायचा, झटकायचा, त्याला नाव द्यायचं, गिऱ्हाईक द्यायचं, चारचौघांत उभा करायचा, हे सगळं मी करतो. शोध लावणं त्या मानानं सोपं!

तर एके दिवशी तळघरातल्या प्रयोगशाळेतून मॅडम माझ्याकडे आल्या. इतक्या हळू बोलतात की समोरच्याला वाटावं आपलेच कान गेले. त्यांनी चाल ओळखणारी फरशी बनवली होती. प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते म्हणे. टाच कशी पडते, भार कुठं जातो, पाय किती घासतो, हे एकदा नोंदवलं की फरशी त्या माणसाला कायमची ओळखते. कोण आलं, कोण गेलं, कोण पडलं, सगळं बोलून सांगते.

"हे कुणासाठी, मॅडम?" मी विचारलं.

"घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी," त्या म्हणाल्या. "माझी आई पडली तेव्हा घरात कुणी नव्हतं. फक्त फरशी होती. तिला हाक मारता आली असती तर..."

विद्यापीठानं त्यांची प्रयोगशाळा रिकामी करून तिथं मोडक्या बाकांचं गोदाम करायचं ठरवलं होतं. त्याआधी कुणी पैसे घालणारा भेटला तर फरशी वाचणार, नाहीतर भंगारात जाणार.

"मॅडम, तुम्ही निश्चिंत राहा!" मी टेबलावर हात आपटून म्हणालो. "कंपनी झालीच म्हणून समजा!"

"पण मला चार माणसांत बोलता येत नाही. कंपनीचे प्रमुख तुम्हीच व्हाल का?"

मी नाही नाही म्हणालो. पण ते नाही नाही म्हणत असतानाच मनात व्हिजिटिंग कार्डाचा रंगसुद्धा ठरला होता.

आता नवीन कंपनीच्या प्रमुखाला आमच्याकडे एक प्रशिक्षण घ्यावं लागतं. शिकवायला येणारा ट्रेनर म्हणजे चालताबोलता जाहिरातीचा फलक! तो म्हणाला, "गुंतवणूकदार तुमचं बोलणं नंतर ऐकतो, चाल आधी बघतो! खांदे मागे! हनुवटी वर! टाच आपटा! ही इमारत आत्ताच विकत घेतलीये असं चाला!" मी आठवडाभर विद्यापीठाच्या व्हरांड्यात इमारती विकत घेत फिरलो. शिपाई मला सलाम करायला लागला. आधी तो मला ओळखतसुद्धा नसे.

फरशीची खऱ्या घरात चाचणी हवी होती. कुणाचं घर? अर्थात प्रमुखाचं! आमच्या घरभर फरशी बसली. नोंदणीच्या दिवशी फोटोग्राफर आला, दोन प्राध्यापक आले, मॅडम आपला छोटा संगणक घेऊन कोपऱ्यात बसल्या. आधी माझी आई चालली, मग बायको, मग कन्या. शेवटी मी. खांदे मागे, हनुवटी वर, दाणदाण टाचा आपटत दारापासून खिडकीपर्यंत गेलो.

"घरमालक. ओळख पटली," फरशी म्हणाली. आवाज मॅडमचाच, पण फरशीतून येताना फार थंड वाटत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मंडळी गेली. मी बूट काढले, पट्टा सैल केला, पोट मोकळं सोडलं आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

"सावधान," फरशी म्हणाली. "घरात अनोळखी व्यक्ती आहे."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. बायको पोळपाट सोडून वळली.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही," मी म्हणालो, पण आवाज बारीक आला. "नवीन आहे ती. सवय व्हायचीय."

"अनोळखी व्यक्ती स्वयंपाकघरात आहे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. ओट्याखाली डबे, दारामागे झाडू. बायकोनं झाडू उचलला. मी धीर करून दबकत दबकत माजघराकडे निघालो.

"अनोळखी व्यक्ती दबक्या पावलांनी बाहेर येत आहे."

माझी पाचावर धारण बसली! मी पळालो.

"अनोळखी व्यक्ती पळत आहे."

"अहो, तो पळतोय!" बायको ओरडली.

"मीही पळतोय!" मी ओरडलो. "माझ्या मागेच असणार!"

धापा टाकत आईच्या पलंगावर चढलो तेव्हा कुठं फरशी गप्प झाली. आईनं पाय पोटाशी घेतले आणि पलंगाखाली बघायला मला सांगितलं. मी ते कन्येला सांगितलं. कन्येनं बघितलं. खाली एक चप्पल होती, माझीच.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो राहू लागला. मी दाढी करायला गेलो की, "अनोळखी व्यक्ती आरशासमोर आहे." मी आरशात बघायचो. मागे कुणी नाही! फक्त फेस लावलेला मी. पुढं पुढं मला त्या फेसामागचा चेहराही नीट ओळखू येईना. मी वर्तमानपत्र घ्यायला उठलो की तो उठायचा. जेवून उष्टं ताट तसंच सोडून उठलो की तोही उठायचा. मी थांबलो की थांबायचा. दिवेलागणीला फरशी घरातल्या माणसांचा हिशेब सांगायची, "आजी घरात. बाई घरात. मुलगी घरात. एक अनोळखी व्यक्ती घरात. घरमालक अद्याप आलेले नाहीत."

आणि मी समोर खुर्चीत बसलेलो! पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बायकोनं हातातली भाजी खाली ठेवली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"घरमालक आलेले नाहीत," ती हळूच म्हणाली. "मग तुम्ही कोण?"

ती हसली नाही. मीही हसलो नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असा प्रश्न आला की चटकन उत्तर सापडत नाही.

कन्येनं तर त्याहून भयंकर गोष्ट सांगितली. "बाबा, मी लक्ष ठेवलं. तुम्ही बाहेर गेलात की तोही जातो. तुम्ही आलात की तोही येतो. तो तुमचाच आहे."

"माझा म्हणजे?"

"तुमच्याबरोबर आलेला."

मी ऑफिसला जाताना जिन्यात सारखा मागे वळून बघायला लागलो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना वाटलं मी कुणाचं तरी देणं चुकवतोय.

मॅडम रोज विचारायच्या, "फरशी काही चुकते का?"

"अजिबात नाही!" मी सांगायचो. "उत्तम चाललंय!" कारण एव्हाना गुंतवणूकदार घरी येऊन फरशी बघायला तयार झाला होता. आमच्या घरात भूत आहे, हे तो येऊन जायच्या आधी मॅडमना कसं सांगणार? त्या बिचाऱ्यांनी प्रयोगशाळेतली खोकी भरायचीसुद्धा थांबवली होती. माझ्या शब्दावर!

गुंतवणूकदार भर सकाळी आला. उंच, वाळका, न हसणारा म्हातारा. त्याच्याबरोबर फाइल धरायला एक सचिव. मॅडमनी दारातच दोघांची 'पाहुणे' म्हणून नोंद केली. मॅडम कोपऱ्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या. मी सगळे यायच्या आधीच सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो होतो. जमिनीला पाय लावायचाच नाही, असा माझा बेत!

"पाहुणे. काठी वापरतात," फरशी म्हणाली. म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "डावा गुडघा दुखतो."

"दुखतो खरा!" तो म्हणाला.

आई चालली, फरशीनं ओळखली. बायको चालली, ओळखली. कन्या नाचत गेली तरी ओळखली. कन्येनं ठरल्याप्रमाणे धपकन पडून दाखवलं, तेव्हा फरशीनं लगेच साद घातली, "मुलगी पडली आहे! कुणीतरी या!" त्या हाकेत असं काही होतं की आम्हाला नाटक ठाऊक असूनही आम्ही सगळे धावलो.

सगळे म्हणजे मीही!

"सावधान," फरशी म्हणाली. "अनोळखी व्यक्ती मुलीजवळ आहे."

सचिवाच्या हातून फाइल पडली. मी दचकून मागे सरलो.

"अनोळखी व्यक्ती पाहुण्यांच्या मागे आहे."

म्हातारा गर्रकन वळला, काठी उगारली! सचिव केव्हाच दाराबाहेर. बायकोनं सवयीनं झाडू उचलला, आईनं डोळे मिटले. मी म्हाताऱ्याच्या कोटाला घट्ट धरून ओरडलो, "घाबरू नका! तो रोजच येतो!"

"रोज येतो?" मॅडम एकदम पुढं आल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा स्पष्ट ऐकला. "कोण येतो? आणि मला सांगितलं नाही? तुम्ही जरा बाजूला व्हा. आता पुन्हा इकडे या."

"अनोळखी व्यक्ती इकडे येत आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, तो अनोळखी माणूस तुम्ही आहात! नोंदणीच्या दिवशी तुम्ही असे चालला नव्हतात!"

म्हातारा काठीवर रेलून थंडपणे म्हणाला, "हे खरं असेल तर त्या दिवशीसारखं चालून दाखवा. नाहीतर तुमची फरशी हवेतल्या माणसांना बघते असं मी समजेन आणि जाईन."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांची इतक्या वर्षांची मेहनत आता माझ्या दोन पायांवर उभी होती, आणि त्या दोन पायांचं पाणी झालं होतं! मी खांदे मागे घेतले, पण गुडघे पुढं गेले.

"अनोळखी व्यक्ती लंगडत आहे."

पुन्हा चाललो.

"अनोळखी व्यक्ती आजारी आहे."

म्हाताऱ्यानं टोपी उचलली. मॅडमनी मान खाली घातली. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि जाता जाता, निव्वळ शिष्टाचार म्हणून, म्हातारा म्हणाला, "बरं, तुमच्या कंपनीबद्दल दोन शब्द सांगायचे असतील तर सांगा."

दोन शब्द! कंपनी! माझ्या नकळत छाती वर आली. हनुवटी उंचावली. टाच दाणकन आपटली. "आमची कंपनी," मी गर्जत निघालो, "उद्याच्या जगाची पायाभरणी..."

"घरमालक आले," फरशी म्हणाली. "स्वागत आहे."

मी खिडकीशी जाऊन वळलो, तर कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. आई भिंतीला टेकून उभी होती. बायको झाडू छातीशी धरून माझ्याकडे बघत होती, तिऱ्हाइताकडे बघावं तशी. कन्या तिच्या पदराआड गेली आणि कुजबुजली, "आई, हा कोण?"

मी गडबडीनं पोट सोडलं, खांदे पाडले. "अगं मीच, मीच!"

"अनोळखी व्यक्ती," फरशी म्हणाली. आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला!

म्हातारा खाली बसला. मग मॅडमना म्हणाला, "तुमची फरशी खरं बोलते. मी पैसे घालतो. फक्त कंपनीची प्रमुख तुम्ही व्हा."

"पण मला बोलता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"फरशी बोलते तेवढं पुरे. तो मघाचा माणूस मात्र माझ्या ऑफिसात पाठवू नका. आणि या घरातली फरशी आहे तशीच ठेवायची. तिच्या आठवणीतलं काही पुसायचं नाही. लोकांना मी इथंच आणून दाखवणार."

मॅडम रडल्या. मीही रडलो. आमची कारणं वेगळी होती, पण मला त्यांचा खरोखर आनंद झाला. प्रयोगशाळेतली खोकी परत उघडली. आज त्यांची फरशी कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या घरात हाक मारते.

माझी घरची चाल नव्यानं नोंदवायची ठरली. नाव काय द्यायचं, असं मॅडमनी विचारलं. बायको म्हणाली, "घरमालक तर आधीच आहेत. ह्यांना 'घरातलंच कुणीतरी' लिहा." तेव्हापासून मी दारात पाऊल टाकलं की फरशी म्हणते, "घरातलंच कुणीतरी आलं." पण पुसायला बंदी असल्यामुळे दिवेलागणीचा हिशेब तोच राहिला, "घरमालक अद्याप आलेले नाहीत."

हळूहळू आईला त्या घरमालकाची काळजी वाटू लागली. "किती राबतो बिचारा," ती म्हणायची. "एकदाही घरी जेवला नाही." मग ती त्याचं ताट वाढून झाकून ठेवायला लागली. मी समजावलं, रागावलो, हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

गेल्या रविवारी आम्ही चौघंही बाहेर गेलो होतो. दुपारी परतलो, दार उघडलं.

"घरमालक येऊन गेले," फरशी म्हणाली.

आम्ही उंबऱ्यातच थबकलो. आत पंखा बंद, खिडक्या बंद, सगळं जिथल्या तिथं. आई भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट तिथं नव्हतं. ते घासून, स्वच्छ पुसून, फळीवर उभं करून ठेवलेलं होतं. एक थेंबसुद्धा पाणी नव्हतं त्याच्यावर. तिघींनी हळूच वळून माझ्याकडे बघितलं.

"तुमची शपथ!" मी ओरडलो. "मी सगळा वेळ तुमच्याबरोबर होतो! तो मी नव्हतो!"

"ओरडू नका," बायको म्हणाली. तिची नजर त्या ताटावरच होती. "तुमच्यावर कुणी संशय घेतच नाहीये. ताट घासलेलं आहे."